डोळा आणि खुर्ची

मीटरवाल्यांनी स्टुलावर चढून भिंतीतला शेवटचा स्क्रू पिळला, उतरताना डावा गुडघा धरून "आई गं" केलं आणि सगळ्या घराला बैठकीच्या खोलीत बोलावून जाहीर केलं, "आजपासून या घरात वीज फुकट जाणार नाही!"

"म्हणजे इतके दिवस जात होती?" आईने विचारलं.

"भरभरून जात होती. हा बघ डोळा. खोलीत माणूस हलला की दिवा, पंखा, टीव्ही सगळं चालू. कोणी हललं नाही की थोड्या वेळाने सगळं बंद. प्रत्येक खोलीत एकेक बसवलाय."

"आणि माणूस आहे, पण हलत नाहीये, तर?" बायकोने विचारलं.

प्रश्न साधा होता. पण नवऱ्याने नवीन वस्तू आणली की बायका मुद्दाम असे प्रश्न विचारतात, अशी मीटरवाल्यांची ठाम समजूत होती. त्यांनी स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

आता यात त्यांचीही बाजू होती हो. वीज कंपनीत घरोघर हिंडून मीटरचं रीडिंग घ्यायचं म्हणजे जिने चढा, जिने उतरा, कुत्र्यांशी गोड बोला. गुडघ्यांची पार वाट लागली होती. अशात कंपनीत बचत विभाग निघाला. विभागात एक टेबल आणि एक खुर्ची. साहेबांनी सांगून टाकलं, "ज्याच्या स्वतःच्या घरचं बिल निम्म्यावर येईल, त्याला ही खुर्ची." मीटरवाल्यांनी खुर्ची पाहून घेतली. हात होते, खाली जाड गादी होती. त्या दिवसापासून जेवतानासुद्धा त्यांना ताटात खुर्चीच दिसायची.

डोळा मात्र भलताच कडक निघाला. आई मालिका बघायला बसली की तिची पापणीही लवत नसे. आता सून सासूच्या कानाखाली वाजवणार, एवढ्यात टीव्ही गप्प, पंखा गप्प आणि खोलीत अंधार.

"अरे मेल्या, मी जिवंत आहे!" आई भिंतीवर ओरडली.

"ओरडून काय उपयोग? त्याला कान नाहीत. हात हलव!"

"शाळेत कधी हात वर केला नाही मी. आता या वयात भिंतीला हजेरी देऊ?"

मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती. वाचताना पाय हलवते म्हणून जिने लहानपणापासून बोलणी खाल्ली, तिच्याच खोलीपाशी येऊन मीटरवाले आता ओरडत, "पाय हलव गं! अंधार झाला, पाय हलव!" बायको घरी शिवणकाम करायची. मशीन चालू असताना ठीक होतं. पण सुईत दोरा ओवताना माणूस श्वाससुद्धा रोखून धरतो, आणि डोळ्याला तेवढंच पुरे. खुद्द मीटरवाल्यांची दाढी करताना मिशीची एक बाजू अंधारात गेली. मग दुसरीही काढावी लागली, नाहीतर बरं दिसलं नसतं.

"अहो, काढा की ते डोळे," बायको म्हणाली.

"महिनाभर कळ सोस. माझ्या गुडघ्यांकडे बघून तरी सोस!"

आणि नवल म्हणजे घर खरंच शांत झालं. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. मीटरवाले संध्याकाळी कामावरून येत, तेव्हा सगळ्या खोल्यांत मिट्ट काळोख असे. त्यांना भरून यायचं. माझ्या माणसांना किती शिस्त लागली, असं म्हणत ते अंधारातच पाय लांब करून पडून राहत. जेवायच्या वेळी सगळे कुठून तरी उगवत.

"कुठे होतीस?"

"ताईकडे, जरा," बायको म्हणे.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण, समोरच्याच दारात राहणारी. तिचा नवरा, म्हणजे मीटरवाल्यांचे साडू, घड्याळं दुरुस्त करायचे. मीटरवाल्यांनी आणखी काही विचारलं नाही. गावभरचे मीटर त्यांना तोंडपाठ होते, पण स्वतःच्या इमारतीचं रीडिंग स्वतः घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम. त्यामुळे समोरच्या दारावरचा मीटर कसा गरगरतोय, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

बिल आलं. निम्मं! निम्म्याहूनही थोडं कमीच! साहेब म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो."

साहेब यायच्या दिवशी मीटरवाल्यांनी घरातल्या सगळ्यांना एका ओळीत बसवलं. "साहेब आहेत तोवर कोणी ना कोणी हलत राहायचं. पण सहज! मुद्दाम हलल्यासारखं नको."

साहेब आले, चहा घेतला आणि बिल डोळ्यांजवळ धरून बारकाईने वाचू लागले. त्यांच्या मागे आई मान डोलवत होती, मुलगी पाय झाडत होती, बायको नसलेल्या माश्या हाकलत होती.

"घरातल्यांना काही होतंय का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"छे छे! खूश आहेत!" मीटरवाल्यांनी डोळे वटारले. तिघी दचकून थांबल्या आणि खोलीत अंधार झाला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही, हला साहेब! हला!"

साहेबांनी दोन्ही हात पंखांसारखे हलवले. लख्ख उजेड पडला. साहेब खूश झाले. पुन्हा थांबले, पुन्हा हलले. "वा! बचत आणि व्यायाम! खुर्ची तुमची!"

मीटरवाल्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. मागे वळून बघतात तर तिघी केव्हाच पसार झाल्या होत्या.

"आता पहिलं काम," साहेब म्हणाले. "समोरच्या घराचं बिल एकदम दुपटीच्या वर गेलंय. नक्की चोरी असणार. चला, आत्ताच बघू."

साडूंनी दार उघडलं. आत पंख्याखाली आई सोफ्यावर दगडासारखी निश्चल बसली होती आणि टीव्ही खुशाल चालू होता. मुलगी पाय न हलवता वाचत होती. बायको दिव्याखाली निवांत दोरा ओवत होती. साडू पुन्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले, तेवढीच काय ती त्यांची जागा उरली होती.

"या साडूभाऊ," साडू म्हणाले. "तुमच्या बिलाचं उरलेलं निम्मं मीच भरतोय."

मीटरवाल्यांचा चेहरा पडला. खुर्ची गेली, गुडघे गेले, साडूसमोर अब्रूही गेली. साहेबांनी बिल पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरलं.

"म्हणजे वीज चोरीला गेलेली नाही, फक्त समोर राहायला गेली आहे," ते म्हणाले. "हे चोरीत बसत नाही. आणि तुमचं बिल तर निम्मं झालंय. नियम म्हणजे नियम. खुर्ची तुमचीच."

"साहेब!" मीटरवाले जवळजवळ पाया पडले.

"एकच करा. बचत विभागात बचत दिसायला हवी. नवीन खरेदीला पैसे नाहीत, तेव्हा घरचेच डोळे काढून आणा. सगळे तुमच्या टेबलासमोर लावू."

घर पुन्हा उजळलं. आईची मालिका सुरळीत सुरू झाली आणि साडूंना त्यांचा सोफा परत मिळाला. बचत विभागात मात्र मीटरवाले गादीवर टेकले, पाय लांब केले आणि समाधानाने डोळे मिटले, की खोलीत काळोख व्हायचा. लगेच बाहेरून साहेबांचा आवाज यायचा, "कोणी आहे का आत?"

"आहे साहेब!"

"मग हला!"

मीटरवाले उठायचे, हात हलवायचे, टेबलाला फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. काचेबाहेरून रीडिंगला निघालेले जुने सोबती त्यांना बघून प्रेमाने हात हलवत.

संध्याकाळी ते घरी आले आणि दोन्ही गुडघे धरून सोफ्यावर कोसळले. आईने मालिकेवरची नजर न काढता विचारलं, "का रे, दिवसभर खुर्चीत बसून माणूस इतका दमतो?"