गाडीतलं काहीच हरवलेलं नाही

एका जंगलात एक पिकअप होती आणि तिची वाट गवेअण्णांनी लावली. मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो. कारण चूक मोठ्यांची असली की जंगलात ती शेवटपर्यंत कुणी बोलत नाही. सगळे हवेला दोष देतात.

दर आठवड्याला सगळ्यांचा माल घाट चढवून बाजाराला न्यायचं काम अण्णांकडे होतं. मध अस्वलांचा, करवंदं माकडांची, घाम इंजिनाचा. पण "अण्णा नेतात" असं सगळे म्हणायचे, आणि अण्णांना तेवढंच ऐकायचं असायचं.

हल्ली मात्र चढ लागला की गाडी आचके द्यायची. त्यात शिरपा रानडुकरानं नवी गाडी घेतलेली. या बाजाराला माल वेळेत पोचला नाही, तर पुढची फेरी शिरपाची.

अण्णांनी चंद्राक्का साळिंदरीला बोलावलं. ती जंगलातली एकमेव मिस्त्री. तिनं गाडी चालू करून कान दिला.

"अण्णा, मिसिंग मारतीय."

इंजिनाचा ठोका चुकला की मिस्त्री असंच म्हणतात. अण्णांना हे कुठलं ठाऊक?

"मिसिंग? काय हरवलं? कुणी नेलं?"

चंद्राक्का सांगेपर्यंत अण्णा वडाखालच्या ज्येष्ठांना घेऊन आलेसुद्धा. हत्तीआजोबांनी मोजणी सुरू केली. चाकं चार, बरोबर. दिवे दोन, बरोबर. कासवतात्यांनी भोंगा वाजवून पाहिला आणि स्वतःच दचकले.

तोवर चंद्राक्कानं चारही प्लग काढले. एकेका भोकाला दाब मोजायचं घड्याळ लावलं. तीन सिलिंडरांत काटा एकशे तीसच्या आसपास गेला. तिसऱ्यात साठवरच बसला. तिनं तिथं चमचाभर ऑइल ओतलं. काटा एकशे दहावर.

"बघा अण्णा. ऑइलनं फट बुजली, दाब वाढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्ह गेला असता तर काटा हललाच नसता. धूळ खाल्लीय इंजिनानं. एअर फिल्टर कुठाय?"

"तो होय! तीन वर्षांमागं मीच काढला. गाडीला मोकळा श्वास नको?" अण्णांनी कौतुकानं तिकडे खूर केला. वडाखाली, गोल फिल्टरवर, पाण्याचा माठ बसला होता. "काय फिट्ट बसलाय बघ!"

चंद्राक्काचे काटे उभे राहिले. "पंधरा दिवस गाडी माझ्याकडं सोडा. असंच घाटात घातलंत तर इंजिन जाम होणार."

हत्तीआजोबांनी सोंड उचलली. "फिल्टर अण्णांनी स्वतः काढलाय. स्वतः काढलेली वस्तू हरवलेली कशी? लिहा, गाडीतलं काहीच मिसिंग नाही."

"आणि पोरी," तात्या म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून आम्ही गाड्यांना धक्का मारतोय."

काटा अण्णांनीही पाहिला होता. पण माठाखालून फिल्टर ओढायचा म्हणजे सगळ्यांदेखत चूक कबूल करायची. एवढं धाडस त्यांच्या शिंगांत नव्हतं.

"थोरांचा शब्द कसा मोडू?" ते म्हणाले, आणि माल भरायला लावला.

घाटाच्या पहिल्या वळणावर निळा धूर निघाला. दुसऱ्यावर गाडी खोकली. तिसऱ्यावर आतून खाडकन आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मागून शिरपा आला. त्यानं सगळा माल आपल्या गाडीत घेतला.

"बसा अण्णा. करवंदांच्या पाट्यांत जागा आहे."

खाली वडाखाली ज्येष्ठांचं एकमत झालं, की त्या दिवशी घाटात हवाच वाईट होती.

तात्पर्य: मुलांनो, गाडी बिघडली की मिस्त्रीचं ऐकू नये, थोरांना विचारावं. मिस्त्री चूक दाखवते, थोर ती झाकून देतात. अण्णांची चूक आजवर कुणाला सापडलेली नाही. त्यांचं इंजिन गेलं आणि बाजाराची फेरी शिरपाकडे गेली.