वांग्यांचा मळा कचऱ्यात जमा जाहला ती हकीकत

श्रीधरित्री प्रसन्न. जिच्या अन्नावर लेखणी चालते तीस दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरी, महाराजांनी हुकूम फर्माविला की, राज्यात गवताची काडीही वाया जाऊ नये. मग प्रधानजींनी शेणापासून वायू काढून दिवे लावावयाचा कारखाना घातला, आणि सेनापतींनी पालापाचोळ्यापासून तेल गाळावयाची भट्टी घातली, आणि थोर रीत कोणाची यावरून उभयतांचे बोलणे बंद जाहले. सरकारी मळ्याचा माळी लिंबाजी याची रीत जुनी. शेण व पाला खड्ड्यात कुजवावा, त्या खतावर वांगी पिकवावी, आणि एक वाफा बियाण्यास राखावा, ऐसे पाच पिढ्या चालले होते. यास कोणी कारखाना म्हणेना, सबब त्यास कोणी विचारिले नाही.

मग चार महिन्यांत राज्यातील कचरा सरला आणि दोन्ही कामे थंडावली. तेव्हा प्रधानजी व सेनापती प्रथमच एकमताने म्हणाले, कचरा उत्पन्न करणे प्राप्त आहे. मग कारकून मळ्यात आला आणि उभ्या पिकास कचरा ऐसा शेरा मारिला.

“रावसाहेब, ही वांगी हायेत. खायची असत्यात,” लिंबाजी म्हणाला.

“कागदावर तसं नाही, बाबा.”

लिंबाजीने टोपलीभर वांगी मुदपाकखान्यात पोचविली. महाराजांनी भरली वांगी तीनदा मागून घेतली आणि माळियास बोलाविले.

“तुझे म्हणणे काय?”

“आधी माणसानं खावं, सरकार. देठ-पाला बैलाला. शेणाचा वायू करा, नाही कोण म्हणतंय? खाली राहील तो गाळ मळ्यात येऊ द्या. तेवढा बियाण्याचा वाफा कुणाला देऊ नका.”

महाराज संतोषले आणि तैसे आज्ञापत्र लिहविले. परंतु त्यावर पहिला शिक्का प्रधानजींचा की सेनापतींचा, या वादात तीन दिवस गेले. चौथे दिवशी लिंबाजी आज्ञापत्र डोईस लावून मळ्यात आला, तो जमीन मोकळी. बियाण्याचा वाफाही कापून नेलेला. त्यावर भट्टी दीड घटका चालली होती. लिंबाजी बांधावर बसून रडला. मग कारकून आला आणि आज्ञापत्र आता निरुपयोगी, सबब भट्टीस द्यावे, म्हणाला. लिंबाजीने दिले.

पुढील हंगामी महाराजांनी वांगी का नाहीत म्हणोन पुसिले.

“जमीन हाय, खत हाय, हात हायेत,” लिंबाजी म्हणाला. “बी जाळलं.”

इत्यर्थ, वर्तमान जाहले तैसे लिहिले. त्या सालापासून राजवाड्यात भोपळा शिजतो.