सतरा खिडक्यांचा फोटो

पहिला नंबर माझाच, यात मला शंका नव्हती. स्पर्धा जणू मला विचारूनच काढली होती!

२००७ सालची गोष्ट. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. माझ्या मुलाने, भावेशने, मला त्यात घातलं होतं. कट्ट्यावर जाहीर झालं: ज्याच्या स्क्रीनवर आवाजाच्या सॉफ्टवेअरच्या खिडक्यांची सगळ्यात जास्त गर्दी, तो पहिला. स्क्रीनचा फोटो पाठवा.

माझ्या स्क्रीनवर सतरा खिडक्या उघड्या होत्या. हळदीच्या मांडवात बायका बसतात तशा, एकीच्या मांडीवर दुसरी! प्रत्येक खिडकीत माझ्या बायकोचा, पुतळाचा, एक धवला. लग्नात ही धवल्यांची गाणी गायला तिला कोन गावापासून मानकोलीपर्यंत बोलावणं असायचं. त्याच्या आठ महिने आधी ती गेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती. शेवटचा धवला उतरला आणि टेपने ती कॅसेट खाल्ली.

खिडकी बंद करायला गेलं की कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी विचारायचा. चुकीचं उत्तर दिलं आणि धवला पुसला गेला तर? म्हणून मी काही बंदच करत नव्हतो. तीन आठवडे कॉम्प्युटर चालू. वीज गेली तर इन्व्हर्टर होता.

आता फोटो. भावेश ड्युटीवर पुण्याला. एवढ्याशा कामाला त्याला कशाला फोन? मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या महादूला बोलावलं.

महादू दोन हॅलोजन, स्टँड आणि पांढरी छत्री घेऊन आला.

"अरे, कॉम्प्युटरचा फोटो काढायचाय!"

"काका, लाईट न्हाय तर फोटो कसला? आन गाना चालू ठेवा, आवाजाच्या पट्ट्या हलताना दिसतील."

मी आवाज मोठा केला. सकाळी अकरा वाजता गल्लीभर हळदीचे धवले! शेजारचा पंढरी खिडकीत आला. छत्री बघितली, हॅलोजन बघितले.

"केसरीनाथ, कोनाचा कार्यक्रम हाय?"

"माझा!" मी म्हणालो. हातात वायर होती, जास्त बोलायला वेळ नव्हता.

महादूची मांडामांड अर्धा तास चालली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पुतळाची धाकटी बहीण चांगुणा जवळच्याच टेमघरहून थेट आत आली.

"दाजी, बायला जाऊन वरीस न्हाय झाला! आन तुमी हलद लावताव? ती पन तिच्याच आवाजावर?"

"कोणी सांगितलं तुला?"

"पंढरीनी फोन केला. नवरी कुठं लपवली ते सांगा!"

"काका, हलू नका!" महादू ओरडला. फ्लॅश उडाला आणि लगेच त्याने दुसरा हॅलोजनही कॉम्प्युटरच्याच इन्व्हर्टरवर लावला. इन्व्हर्टरने एकदा टीं केलं. सगळं बंद.

काळ्या स्क्रीनसमोर मी बसून राहिलो.

"सगळं त्यातच होतं," मी म्हणालो. "तिचा आवाज. दुसरीकडे कुठेच नाही."

महादूने हॅलोजन काढले आणि इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. कॉम्प्युटर कुरकुरला, उठला. मी सॉफ्टवेअर उघडलं. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

महादूने वाचलं. "काका, मागचा सगला परत आनू काय, विचारतंय."

कॉम्प्युटरच्या प्रश्नाला मी पहिल्यांदाच लगेच उत्तर दिलं, हो! एक एक करत सतराही खिडक्या परत आल्या. मी पहिली वाजवली.

"अवो, चालू झाला कं?" पुतळाने विचारलं. टेपवर गाताना ती आधी हेच विचारायची.

"झाला, बाय, झाला," चांगुणा म्हणाली आणि जमिनीवर बसली. सतरा धवले संपेपर्यंत उठली नाही. नवरीचा विषय पुन्हा काढला नाही.

स्पर्धेत पहिला नंबर नाशिकच्या एका माणसाचा आला. त्याच्या तेवीस खिडक्या! माझ्या फोटोत फ्लॅशचा गोळा, काचेत माझं टक्कल आणि मागे भिंतीवरचा पुतळाचा हार घातलेला फोटो. खाली परीक्षकांनी लिहिलं, 'उजेड भरपूर आहे.'

रविवारी भावेश आला. त्याने धवल्यांच्या चार सीडी केल्या. मग म्हणाला, "पपा, स्क्रीनच्या फोटोचं बटण कीबोर्डवरच असतं!"

महादूने काढलेला तो फोटो मी फ्रेम करून घेतला. लग्नातल्या फोटोनंतर आम्ही दोघं एकत्र असलेला तो दुसराच.

पंढरीचं मात्र समाधान झालं नाही. रोज विचारायचा, पोरगी कुठली होती? शेवटी कंटाळून मी सांगितलं, टेमघरची. खोटं नव्हतं, पुतळा टेमघरचीच.

दुसऱ्याच दिवशी चांगुणाचा फोन आला. पंढरी टेमघरात घरोघर चौकशी करत फिरतोय!