वरंगळच्या गॅरेजातील पगारवाढीची मोहीम

जे कोणी गाडी दुरुस्तीस घालोन बिल पाहता घामाघूम जाहले, त्यांनी हे वर्तमान सादर श्रवण करावे. वरंगळ शहरी नरसिंगराव शेठ यांचे गॅरेज. तेथे कोमुरय्या मिस्त्री, एकोणीस वर्षांची चाकरी, दरमहा अठरा हजारांचे मनसबदार. इंजिनाचा आवाज कानी पडताच दुखणे सांगावे ऐसी ख्याती. आणि अनिरुद्ध नामे नवा कारागीर डिप्लोमाची सनद व दोष वाचणारे यंत्र घेऊन दाखल जाहला, तो अठ्ठावीस हजारांवर, ऐसी शेठजींनीच आवई उठविली. मग कोमुरय्यांचे काळजात सल राहिला, आणि सहा महिने त्यांनी अनिरुद्धाशी धड भाषण केले नाही.

शेवटी कुटुंब सम्मक्का यांनी मसलत दिधली, "इंजिनं खोलता, मग तोंड खोलायला काय होतं तुम्हाला?"

मग कोमुरय्या धीर करोन शेठजींचे कचेरीत रुजू जाहले. शेठजींनी फर्माविले, "विजेच्या गाड्या आल्यात, कोमुरय्या. पाच वर्षांत मिस्त्री औषधालाही उरणार नाही."

त्यावर अर्ज गुजरला, "मग त्या पाच वर्षांचं आत्ताच वाढवून द्या, शेठ."

शेठजींनी पंखा वाढविला, पगार वाढविला नाही.

मग दसऱ्याचे आदले दिवशी, पूजेपूर्वी दुरुस्त व्हाव्या म्हणोन तेवीस गाड्या दारी तुंबल्या असता, कोमुरय्यांनी पान्हा खाली ठेविला आणि चहा मागवोन जुन्या टायरावर ठाण मांडिले. शेठजींनी अनिरुद्धास हुकूम केला की अवघ्या गाड्या तूच उरक. अनिरुद्ध यंत्र बंद करोन शेजारचे टायरावर येऊन बैसला.

"तुला काय कमी आहे रे? अठ्ठावीस घेतोस," कोमुरय्या बोलले.

"चौदा, अण्णा. ट्रेनिंग चालू आहे म्हणतात. अजून दोन वर्षं चालणार आहे."

कोमुरय्या बहुत लज्जित जाहले, आणि आपला अर्धा चहा त्याचे पेल्यात ओतिला. मग गिऱ्हाइकांचे हॉर्न तोफांसारखे सुटो लागले, आणि शेठजी खासा एका मोटारीखाली शिरले, ते तेलाने न्हाऊन बाहेर आले, आणि तहाचे बोलणे लागले. कोमुरय्यांस एकवीस हजार, अनिरुद्धास अठरा, ऐसे ठरले. शेठजींनी तेच घटकेस मजुरीचा दर दीडपट करोन फलक दारी लाविला.

संध्याकाळपावेतो अनिरुद्ध दोष वाचीत गेला, कोमुरय्या तो खोटा ठरवीत गेले, आणि उभयतांनी हुज्जत घालीत अवघ्या गाड्या रवाना केल्या. येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस मिस्त्रीपक्षाची फत्ते जाहली. पडले कोणी नाही. जखमी गिऱ्हाईक तेवीस.