दातेकाकांचा सम्राट

इंदिरानगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या दातेकाकांच्या स्वयंपाकघराची भिंत काळीकुट्ट आहे आणि तिचा त्यांना भयंकर अभिमान आहे. सोसायटीने धाडलेल्या रंगाऱ्याला त्यांनी दारातूनच पिटाळलं. "हजार वर्षांपूर्वी जपानच्या सम्राटाने नाही रंगवली, तर मी कोण?"

हा सम्राट त्यांना नोकरीत असताना अंबडच्या कारखान्यात भेटला. म्हणजे, मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने त्याची गोष्ट सांगितली. पंचावन्नाव्या वर्षी, आपल्याकडे पेन्शनचे कागद जमवायच्या वयात, हा गृहस्थ गादीवर बसला. राजा झाला तरी स्वतःच रांधायचा, इतकं की धुराने खोली काळी झाली. शिवाय कवी! बर्फात जाऊन कुणासाठी तरी कोवळी पालेभाजी खुडली आणि सोबत कविता धाडली.

झालं! काकांनी गच्चीत मेथी पेरली. दर रविवारी आमच्याकडे डबाभर मेथी येते, वर कवितेची चिठ्ठी. "तिकडे कवितेला उत्तर द्यायची रीत आहे हं," असं बजावतातही. पण आमची रीत वेगळी. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून आम्ही चिवडा भरतो. काका चिवडा बाजूला सारून तळ शोधतात आणि हिरमुसतात. "चिवडा फर्स्ट क्लास. पण उत्तर?" कवितेला घाबरून मी चिवड्यात आणखी शेंगदाणे घालते हो!

गेल्या रविवारी घाईत मी मेथी चिरली ती चिठ्ठीसकट. जेवताना आमच्या ह्यांच्या दाताखाली कागद आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यात शंकरपाळे भरले, वर लिहून ठेवलं, "काका, कविता भाजीत शिजली. चुकलंच. पण ह्यांनी तीनदा वाढून घेतली."

काकांनी दारातच वाचलं आणि खो खो हसत सुटले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"मीना, तीस वर्षं अंबडला डबा नेला. तुझी काकू त्यात रोज चिठ्ठी घालायची. 'भेंडी जून निघाली, रागावू नका.' मी रिकाम्या डब्यातून उत्तर आणायचो. ती गेली, आणि मला कुणी लिहीतच नाही गं."

इतके दिवस मी कवितेला घाबरत बसले होते, आणि काकांना नुसत्या दोन ओळी हव्या होत्या. मी जायला वळले.

"थांब," काका खिशातलं पेन काढत म्हणाले, "उत्तर घेऊन जा."

मी पायरीवर बसून राहिले.