त्रिंबकराव साळिंदरांची गाळीव शाई

एका जंगलात एक साळिंदर राहत असे. कुठल्या जंगलात, असं विचारू नका. नाव सांगितलं तर तिथले प्राणी माझ्या दारात भांडायला येतील.

तर या साळिंदराचं नाव त्रिंबकराव. वनराजांच्या दरबारात त्यांनी जन्मभर कारकुनी केली. अक्षर असं सुरेख, की शिक्षेचा हुकूम वाचतानासुद्धा हरणाला बरं वाटायचं. पाठीवर शेकडो काटे होते, कुठलाही उपटून लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्रिंबकराव लिहायचे ते फाउंटन पेनानं. काट्यानं लिहिणारे साळिंदर वेगळे, असं ते म्हणत.

ते निवृत्त झाले तेव्हा दरबारात निरोपसमारंभ झाला. शाल माकडानं पांघरून बघितली ती परत दिलीच नाही. नारळही त्यानंच फोडून खाल्ला. मग वनराजांनी भांडारातून शाईची एक भली मोठी बाटली आणवली आणि त्रिंबकरावांपुढं ठेवली. निळी-काळी, दाट शाई. बाटली एवढी, की त्रिंबकराव तिच्यामागे उभे राहिले तर नुसते काटेच दिसावेत.

त्रिंबकरावांना रडू आलं. तसं ते खरंच भले होते हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरी बायको होती, अनसूयाबाई. दोन पिल्लं होती. टेकडीच्या उतारावर एक छान, कोरडं, दोन दारांचं बीळ होतं. अनसूयाबाईंनी ते स्वतः उकरलं होतं. त्या दिवसांत त्रिंबकराव दरबारात कामात होते.

आता जरा नीट बसा. इथून गोष्ट सुरू होते.

पावसाळा संपत आला तेव्हा टिटवीनं दवंडी दिली. "ऐका हो ऐका! दसऱ्याच्या सकाळी वनराज स्वतः फिरणार! ज्या बिळाच्या दारावर ज्याचं नाव शाईनं लिहिलेलं असेल, ते बीळ त्याचं! नाव नसेल त्यानं बीळ सोडायचं!"

असा हुकूम का निघाला, ते मला विचारू नका. तुमच्याकडे निघतात ते हुकूम तुम्हाला कळतात का?

जंगलात एकच धांदल उडाली. सशानं साठवलेली जांभळं कुस्करली, त्यात बोट बुडवलं आणि दारावर नाव ओढलं. 'ससा' या दोन अक्षरांत त्यानं तीन चुका केल्या. टिटवीनं बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

अनसूयाबाई घरात आल्या. "अहो, ऐकलंत ना? तुमच्याकडे एवढी शाई आहे. आत्ता लिहून टाका, म्हणजे सुटलो."

"लिहू की," त्रिंबकराव म्हणाले. "घाई काय आहे? दाराच्या शिळेवर लिहायचं म्हणजे काय गंमत आहे? वर्षानुवर्षं राहणारं अक्षर आहे ते."

ते पेन घेऊन बाटलीपाशी गेले. बूच काढलं. आणि नेमका तेव्हाच बगळा आला.

या बगळ्याला सगळे धवलशास्त्री म्हणत. जंगलात शाईबद्दल त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याकडे निरनिराळ्या शाया होत्या. लिहायचा मात्र तो कधी नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी लेखक नव्हे. मी शाईवाला."

"अरे अरे अरे!" बगळा ओरडला. "मोठ्या बाटलीत पेन बुडवताय?"

त्रिंबकरावांचा हात जागीच थांबला.

"निबेला धूळ असते," बगळा म्हणाला. "ती बाटलीत गेली की शाईला बुरशी धरते. अख्खी बाटली गेली समजा. मोठी बाटली अंधारात ठेवायची. लागेल तेवढी शाई छोट्या बाटलीत काढायची. बाटली उकळत्या पाण्यानं धुतलेली हवी. नरसाळं कोरडं हवं. वर मलमलीचं फडकं हवं. आणि हवा लागू द्यायची नाही. हवा हा शाईचा शत्रू!"

एवढं बोलून तो एक पाय वर घेऊन निघून गेला. उडतानाही त्याचा एक पाय वरच होता म्हणतात. मी बघितलं नाही.

त्रिंबकराव रात्रभर जागे राहिले असते, पण ते साळिंदरच, ते एरवीही जागेच असतात. सकाळी त्यांनी कामाला सुरुवात केली. पाणी उकळलं. मधल्या आकाराच्या बाटल्या धुतल्या, वाळवल्या. नरसाळं लावलं, त्यावर मलमल ताणली, आणि मोठी बाटली तिरकी केली. काय धार होती! बघणाऱ्याचे डोळे निवावेत. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"झालं?" अनसूयाबाईंनी विचारलं. "आता लिहा."

"अगं, ओतताना हवा लागली ना तिला."

"मग?"

"मग पुन्हा गाळायला हवी."

पुन्हा गाळली. आता गाळायची म्हणजे ओतायची, आणि ओतली म्हणजे हवा लागायची. हवा लागली म्हणजे पुन्हा गाळायची. तुमच्या लक्षात आलं, बाळांनो. अनसूयाबाईंच्याही आलं. त्रिंबकरावांच्या मात्र आलं नाही, कारण ते कामात होते.

मधल्या बाटल्यांतून शाई छोट्या बाटल्यांत गेली. छोट्यांतून दौतींत गेली. दौतीचं तोंड रुंद, हवा फार लागते, म्हणून दौतींतून अत्तराच्या कुप्यांत गेली. दर वेळी थोडी शाई बाटलीच्या अंगाला राहिली. थोडी नरसाळ्याला राहिली. फडक्यांनी तर पोटभर प्यायली. बिळाच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत निळ्या फडक्यांची दोरी लागली. पिल्लांना खेळायला जागा उरली नाही.

"बाबा, आपण राहणार ना इथं?" धाकट्यानं विचारलं.

"राहणार म्हणजे? अरे, एवढी शुद्ध शाई अख्ख्या जंगलात नाही," त्रिंबकराव म्हणाले.

टेकडीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत एक तरस राहत असे. हैबती त्याचं नाव. त्याला बीळ नव्हतं. पावसाळाभर भिजून भिजून त्याला खोकला लागला होता. तो रोज वर यायचा, दारापाशी बसायचा आणि बाटल्यांकडे बघायचा.

"काय कलाकारी आहे, रावसाहेब!" तो म्हणायचा.

त्रिंबकरावांना बरं वाटायचं. घरात तसं कुणी म्हणत नव्हतं.

अनसूयाबाईंना त्याचं येणं आवडत नसे. "त्या मेल्याचा डोळा आपल्या बिळावर आहे," त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्या हातापाया पडते. लिहा एकदाचं. मला लिहिता येत असतं तर मी तुमच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नसतं."

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्यांनी फार हौसेनं म्हटलं होतं, मला अक्षरं शिकवा. त्रिंबकराव हो म्हणाले होते. पण पेन एकच. आणि निब एका हाताला बसलेली असते, दुसऱ्यानं चालवली की बिघडते. तेव्हा नवी निब आली की शिकवू, असं ठरलं. नवी निब अजून यायची आहे.

बघता बघता दसरा उजाडला.

त्या सकाळी त्रिंबकराव लवकर अंघोळ करून, पेन घेऊन बसले. शेवटची कुपी उघडली. ड्रॉपरनं शाई ओढली. ड्रॉपरमध्ये आला एक थेंब. पण थेंब कसा, तर नितळ, निळाकाळा, नीलमण्यासारखा.

"पुरेल," त्रिंबकराव म्हणाले. "माझं अक्षर बारीक आहे."

त्यांनी थेंब पेनात सोडला. निब पुन्हा फिरवून बसवली. निब जरा ओली दिसली. ओल्या निबेनं शिळेवर लिहिलं तर पहिलं अक्षर फुटतं. म्हणून त्यांनी निब फडक्याला हलकेच टिपली.

फडक्यानं थेंब घेतला. झालं, शाई संपली.

त्रिंबकरावांनी पेन शिळेवर ओढलं. नुसतं खर्र वाजलं. अनसूयाबाई पिल्लांना जवळ घेऊन दारात बसल्या.

तेवढ्यात हैबती तरस आला. "रावसाहेब, आज सणाचा दिवस. एवढी भांडी पडलीत. मी विसळून देऊ का?"

आता कुणीही म्हणालं असतं, चालता हो. पण त्रिंबकरावांना शाईच्या बाटल्या तशाच पडलेल्या बघवत नसत. वाळलेली शाई पुढं निघत नाही. घर जाईल की राहील ही धास्ती होतीच, तरी ते म्हणाले, "विसळा. पण नीट विसळा. उगाच धो धो पाणी ओतायचं नाही. वाटीभर पाणी घ्यायचं. तेच पाणी या बाटलीतून त्या बाटलीत, त्यातून पुढच्या बाटलीत, असं शेवटपर्यंत न्यायचं. म्हणजे पाणी वाया जात नाही."

"काय डोकं आहे!" हैबती म्हणाला. त्यानं अगदी तसंच केलं. फडकीही त्याच वाटीत पिळली. बाटल्या लखलखायला लागल्या, आणि वाटीतलं पाणी निळंकाळं झालं.

अनसूयाबाई त्या वाटीकडे बघत होत्या. त्या उठल्या आणि त्रिंबकरावांचा हात धरला. "अहो, हे बघा. ही शाईच आहे. बोट बुडवा आणि लिहा. टिटवी खालच्या वळणावर ओरडतेय, वनराज आलेच. पोरांकडे बघा हो."

त्रिंबकरावांनी पोरांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वाटीत बघितलं.

"हे धोवण आहे," ते म्हणाले.

"असू दे!"

"अनसूया, मी दरबारचा कारकून. माझं नाव, माझ्या दारावर, आणि धोवणानं? माणसं काय म्हणतील?"

"माणसं कुठायत इथं?" अनसूयाबाई ओरडल्या. पण तोवर हैबतीनं पंजा वाटीत बुडवला होता. दारावरच्या शिळेवर त्यानं सावकाश, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर उमटवलं. हैबती तरस. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता येत होती.

वनराज आले. त्यांनी शिळा वाचली.

"महाराज!" त्रिंबकराव पुढं धावले. "ही शाई माझी आहे! आपणच दिलेली!"

"शाई तुमची असेल," वनराज म्हणाले. "नाव कुणाचं आहे?"

त्रिंबकरावांनी शिळेकडे बघितलं. कारकून असल्यामुळे त्यांना खोटं सांगता येईना.

"हैबती तरसाचं," ते म्हणाले. "पण महाराज, रंग फिका आहे. आणि ह्रस्व-दीर्घ बरोबर आहे, पण वळण नाही."

"मग ठीक आहे," वनराज म्हणाले आणि पुढच्या बिळाकडे गेले.

दुपारपर्यंत बिऱ्हाड करवंदीच्या जाळीत आलं. अनसूयाबाईंनी पिल्लांना कडेला बसवलं, अंगावरचा एक काटा उपटला, आणि नव्या जागी बीळ उकरण्याआधी ओल्या मातीत एक रेघ ओढली. मग दुसरी. ती कुठल्याच अक्षरासारखी दिसत नव्हती. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा ओढली.

त्रिंबकराव जाळीखाली बाटल्या मांडत होते. मोठी मागे, छोट्या पुढे. संध्याकाळी धवलशास्त्री भेटायला आला. त्यानं एक बाटली उचलून उन्हाकडे धरली. एक डाग नाही, एक ओघळ नाही.

"वा!" बगळा म्हणाला. "अशी स्वच्छ बाटली मी जन्मात बघितली नाही. कुणी धुतल्या या बाटल्या?"

"आमच्या घरी राहतात ते," त्रिंबकराव म्हणाले.

तात्पर्य : बाळांनो, शेजाऱ्याची भांडी विसळायला कधीही कमीपणा मानू नये.