आबेलिनोचा डावा गुडघा

गुडघा दुखावल्याचं सोंग करण्यात काही कठीण नाही, असं आबेलिनो मुरियोचं ठाम मत होतं. तापाचं सोंग करायला अंग गरम लागतं, जुलाबाचं करायला पळापळ लागते. गुडघ्याला काहीच लागत नाही. ओठ आवळायचे, भिंत धरायची आणि कोणी विचारलंच तर "काही नाही हो, होईल बरं" म्हणून लांब श्वास सोडायचा. प्रश्न तरी किती दिवसांचा? मंगळवार ते शनिवार. शनिवारी दुपारी पनीएल मंडळी विरुद्ध बेथेल मंडळी हा दोन चर्चमधला फुटबॉल चषकाचा सामना एकदाचा उरकला, की रविवारी सकाळी गुडघा आपोआप बरा.

या दोन मंडळ्या बावीस वर्षांपूर्वी एकच होत्या. भजनाला ड्रम वाजवावा की नाही, यावरून फुटल्या. आता दोन्हीकडे ड्रम वाजतो, पण अबोला आहे तो आहेच. वर्षातून एकदा भेट होते ती उसाच्या मळ्यामागच्या मैदानात, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्या नव्वद मिनिटांपुरती कुंपणाबाहेर उभी राहते.

गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला बेथेलच्या खाटकाने पेनल्टी मारली, तेव्हा पनीएलचा गोलकीपर आबेलिनो डोळे मिटून प्रार्थना करत होता. 'आमेन' म्हणून डोळे उघडतो तर चेंडू त्याच्या दोन पायांमधून जाऊन जाळीत विसावलेला. तेव्हापासून आबेलिनो दुकानात आला की खाटीक पाय फाकवून उभा राही आणि तसाच मांस तोलून देई. वर्षभर मुरियोंच्या घरी नुसती अंडी आणि राजमा शिजला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, गावातले निम्मे फ्रिज त्याच्या हाताने चालू झालेले; त्याने आणखी किती सोसायचं? पण मंडळीत दुसरा गोलकीपर नव्हता, आणि "मला भीती वाटते" असं म्हणायला तर त्याला त्याहून भीती वाटत होती.

तेव्हा गुडघा.

संघाचा कप्तान टुलियो, धंद्याने न्हावी. त्याने ही बातमी मोबाईलवरच्या प्रार्थना-गटावर टाकली आणि तिथून ती आबेलिनोच्या हातून गेली. सकाळी मुरगळलेला गुडघा दुपारी फुटला, संध्याकाळी त्याचं ऑपरेशन ठरलं आणि बुधवारी पाव आणायला गेलेल्या आबेलिनोला एका अनोळखी बाईने रडत सांगितलं, की लाकडी पायानेही माणसं छान जगतात. घरी सूप यायला लागलं. कोणी नवऱ्याच्या मागे राहिलेली कुबडी आणून दिली. आणि ऐंशी वर्षांच्या एर्मेलिंदा आजींनी, ज्यांना वाऱ्यानेही झोक जायचा, गुडघ्यासाठी तीन दिवसांचा उपास धरला.

सूप गिळताना आबेलिनोला ते आठवायचं. मग सूप कडू लागायचं. पण संपायचं.

त्याची बायको देल्मी बहिणीकडे गेली होती, ती गुरुवारी परतली. दारातच थांबून तिने नवऱ्याचं अंगणातलं लंगडणं नीट पाहून घेतलं.

"कुठला गुडघा?" तिने विचारलं.

"डावा."

"मग उजवा पाय कशाला ओढतोस?"

आबेलिनोने पाय बदलला. देल्मीने बॅग खाली ठेवली, तिला सगळं समजलं आणि ती एवढंच म्हणाली, की मी कोणाशी खोटं बोलणार नाही. पण मला कोणी विचारलेलंही नाही. ती आत जाऊन केळी तळायला लागली. तेलात केळी जरा जास्तच जोरात पडत होती.

शुक्रवारी संध्याकाळी राजधानीहून पाहुणे प्रचारक आले. पांढरा सूट, स्वतःचा माईक, स्वतःचे दोन स्पीकर. आजारी लोकांसाठी खास सभा होती. आबेलिनो अगदी मागच्या खुर्चीवर, खांबाआड बसला होता. पण टुलियोने त्याला बगलेत हात घालून उचललं आणि लिलावाच्या बैलासारखं पुढे नेऊन उभं केलं. प्रचारकांनी कपाळाला तेल लावलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि पत्र्याचं छप्पर थरथरेल अशा आवाजात हुकूम सोडला, की कुबडी टाक आणि चाल.

आबेलिनोने झटपट हिशेब मांडला. चाललो तर उद्या गोलात. नाही चाललो तर माझ्यातच विश्वास कमी, असं हा सूटवाला माईकवर सांगणार. दुसरं त्याला चाललं असतं. त्याने लंगडायला पाय उचललासुद्धा. तेवढ्यात पहिल्या रांगेत एर्मेलिंदा आजी दिसल्या. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, तीन दिवसांच्या उपासाने चेहरा सुकलेल्या पेरूसारखा झालेला.

आबेलिनोने कुबडी टाकली आणि चालला.

पुढचा अर्धा तास ड्रम थांबला नाही. माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली, दोन वर्षं न बोलणाऱ्या जावा बोलल्या. आजींनी त्याचा हात आपल्या सुरकुतलेल्या गालाला लावला. टुलियोने त्याच्या कानात सांगितलं, की तीन वाजता, बूट घालून.

रात्रभर आबेलिनोचा डोळा लागला नाही. सकाळी उठून तो मंडळीचे पास्टर ओरेयाना यांच्या घरी गेला आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. पास्टर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. दाणे संपले तरी ते हात हलवत राहिले.

"बायबलात याकोब देवाशी रात्रभर झुंजला आणि मग लंगडला," शेवटी ते म्हणाले. "तू आधीच लंगडून मोकळा झालास."

आबेलिनो म्हणाला, की आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगतो, म्हणजे सुटलो. पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या मते घाई कशातच चांगली नव्हती. उद्या आराधनेत बरं झाल्याची साक्ष द्यायला त्याला पुढे यायचंच होतं, तिथे सांगावं.

"पण पास्टर, सत्य—"

"सत्य रविवारीही सत्यच असतं, बाळा. चषक मात्र शनिवारीच असतो."

सामना साडेतीनला सुरू झाला, कारण दोन्ही पास्टरांना प्रार्थना आपण संपवायची होती. एकाने 'आमेन' म्हटलं, की दुसऱ्याला देशाचे सैनिक, विधवा, नाहीतर पाऊसपाणी आठवायचं. उन्हात दोन खेळाडूंना भोवळ आली. मग शिट्टी झाली आणि ज्यांनी नुकतंच एकमेकांना 'बंधू' म्हणून मिठी मारली होती, ते एकमेकांच्या नडग्या शोधू लागले. शिवी दिली तर पिवळं कार्ड, असा नियम असल्यामुळे बायबलमधली नावं वापरली जात होती. टुलियोला पहिल्या वीस मिनिटांत तिघांनी यहूदा म्हटलं, येशूला विकणारा तो.

पनीएल एका गोलाने पुढे होती, तेही बेथेलच्याच एका बंधूने आपल्या जाळीत मारलेल्या. आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. समोर खाटीक.

आबेलिनोने या वेळी डोळे उघडे ठेवले. उघडे ठेवल्यामुळे त्याला खाटकाची मांडी दिसली, धाव दिसली, विटेसारखा येणारा चेंडू दिसला. आणि हे सगळं दिसल्यावर कोणताही शहाणा माणूस करील तेच त्याने केलं. तो पाठ फिरवून पळाला. पळता पळता पाय अडखळला, गुडघा वळला, आणि चेंडू नेमका त्या गुडघ्यावर आदळून खांबावरून बाहेर गेला. डाव्या.

कट्कन आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो मातीत पालथा पडला.

मैदान पेटलं. बरा झालेला गुडघा! त्याच गुडघ्याने! टुलियो धावत आला आणि लागलं का म्हणून विचारू लागला.

"नाही," आबेलिनो मातीत तोंड खुपसून म्हणाला. "स्तुती करतोय."

रविवारी गुडघा पपईएवढा झाला होता. देल्मीने तो करकचून बांधला आणि त्याच्यावर सैल विजार चढवली. आज खरं बोलणारच, असं त्याने तिला सांगितलं. तिने त्याची कॉलर दोनदा नीट केली.

व्यासपीठाच्या चार पायऱ्या तो दात आवळून, ताठ चढला. खाली चषक होता, फुलं होती, दोन गावांतून आलेली नवी माणसं होती. त्याने माईक धरला आणि सांगितलं: माझा गुडघा दुखावलाच नव्हता. मला खेळायची भीती वाटत होती. मी खोटं लंगडलो, खोटं बरा झालो, तुमचं सूप प्यायलो आणि एका उपाशी म्हातारीला फसवलं. मला क्षमा करा.

आबेलिनोला सहा दिवसांत पहिल्यांदाच हलकं वाटलं. इतकं हलकं, की उतरताना तो गुडघ्याला विसरला. पहिल्या पायरीवर पाय लटपटला, दुसरीवर वाकला, आणि तिथून तो खाली आला तो कठडा धरून, सगळ्यांदेखत, खराखुरा लंगडत.

मग कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली. चमत्कार नाकारला. बघा, तिथल्या तिथे काढून घेतला. नव्या माणसांपैकी दोघं गुडघ्यांवर बसली. ड्रमवाल्याने आपल्या मनाने सुरुवात केली. आबेलिनो ओरडून सांगत होता, की हे कालचं आहे, हे चेंडूमुळे आहे. पण टुलियो केव्हाच मोबाईल काढून प्रार्थना-गटावर लिहू लागला होता. पास्टर आपल्या बुटांकडे बघत होते.

एर्मेलिंदा आजी उठल्या. हळूहळू आल्या आणि त्याच्या बगलेखाली आपला काडीसारखा खांदा लावला.

"उद्यापासून मी परत उपास धरते," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. "पण या खेपेला बरा झालास ना लेकरा, की जरा गप्प बस."